पाच वर्षांची चौकट

४ जून
जेवणाची सुट्टी गेली! मालकांनी कुणी सल्लागार बाई आणली होती. आम्ही आठ जण कवळ्या करणारे, हातांवर प्लॅस्टर वाळलेलं, आणि ही म्हणते, भविष्यासाठी आर्थिक ध्येयं लिहा. कागदावर तीन चौकटी — एक वर्ष, पाच वर्षं, पंधरा वर्षं. पंधरा वर्षांनी मी एकसष्टची. पॉलिशवाले काका म्हणाले, "बाई, लोकांचं, दात आहेत तर चणे नाहीत. आमच्याकडे नुसते दातच दात!" सगळे हसले. तीही हसली, पण कागद काही परत घेतला नाही. सोमवारपर्यंत द्यायचाय.

६ जून
भरला. एक वर्ष — आईचा डावा डोळा, मोतीबिंदू. पाच वर्षं — धाकट्या भावाच्या घराचे सुरुवातीचे पैसे. पंधरा — भाचीचं, त्याच्या मुलीचं, कॉलेज. दहा मिनिटांत झालं. कटकट मिटली.

८ जून
मिटली कसली! बाईनं कागद वाचला नि विचारलं, "यात तुमचं काय आहे?" म्हटलं, सगळं माझंच की. "तसं नाही हो. तुम्हाला काय हवंय?" नवा कागद दिला. वर शहाणपण — किंमत आणि तारीख घाला, नाहीतर ती नुसती इच्छा. तिशीचीसुद्धा नसेल. असा राग आला! आणि राग कशाचा, तर मला उत्तर येत नव्हतं. एका खालच्या कवळीचं मेण तीनदा लावावं लागलं.

९ जून
काही सुचत नाही.

१३ जून
झोप हवीय. तिची काय किंमत लिहू?

२१ जून
सुचलं. खोली. माझी एकटीची.
एकोणीस वर्षं बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपते. टीव्ही बंद होईतो माझी पाठ टेकत नाही. पाहुणे आले की मी आणि आई पॅसेजमध्ये. निम्मं भाडं मी भरते नि या घरात दार लावून बसायला मला न्हाणीघर तेवढं. तिथंही कुणीतरी ठोठावतंच — "ताई, झालं का?"
लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं.

२६ जून
कारखान्यामागे शिंप्याच्या दुकानावरची खोली विकायची आहे. पाहून आले. भिंती कळकट, नळ गळका. पण दोन्ही बाजूंनी वारा! घरमालकीण म्हणाली, थोडे थोडे देत गेलात तरी चालेल. किंमत ऐकून जिन्यावरच बसले.

३० जून
बाईनं आकडे मांडले. पाच वर्षांत जमतं. "फक्त भावाला देता ते थांबवावं लागेल." फक्त!
धाकट्याचं एक वेळ निभेल. आईला कोणत्या तोंडानं सांगू? सत्तरी ओलांडल्यावर पोरीनं टाकलं, असंच वाटणार तिला.

५ जुलै
खोलीचं, पाच वर्षांचं, सगळं सांगितलं. रविवार, सगळे घरात होते. धाकटा म्हणाला, "ताई, आम्ही काय कमी केलं तुला?" वहिनी म्हणाल्या, "ताईंचंही बरोबरच आहे," आणि आत जाऊन भांडी आपटायला लागल्या. मी रडायचं नाही ठरवलं होतं. रडले.
आई हातातला टॉवेल घडी करत राहिली.

९ जुलै
धाकटा बोलत नाही. चालेल. आई बोलत नाही ते सोसत नाही. डोळ्यात औषध घालायला गेले तर म्हणाली, "राहू दे, मी घालते." अर्धं गालावर सांडलं.

११ जुलै
थकले. सोमवारी घरमालकिणीला नाही कळवते. कुणाच्या जिवावर उठून खोली घ्यायची? पॉलिशवाल्या काकांना म्हटलं तर म्हणाले, "विचारलंस तरी का म्हातारीला?" नाही विचारलं. सांगितलं फक्त.

१२ जुलै
विचारायची वेळच आली नाही. सकाळी आई सोफ्याच्या कडेला येऊन बसली. हळूच म्हणाली, "त्या खोलीत दोन खाटा मावतील का गं? आधी बापाकडे राहिले, मग नवऱ्याकडे, आता लेकाकडे. एकदा तुझ्याकडे राहीन म्हणते." आणि उठता उठता — "पाच वर्षं फार होतात. लवकर जमतंय का बघ."