कॉनबॉयच्या पबचं माझ्यामागे काय व्हावं

मी, अट्रॅक्टा कॉनबॉय, दिवंगत थॅडी कॉनबॉय यांची पत्नी, वय एकोणऐंशी, धंदा पब चालवणे, राहणार क्लूनार्डा, जिल्हा स्लायगो, आयर्लंड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांबद्दल विचारत नाही. मला कोणी भरीला घातलेलं नाही. ज्याने घालून पाहिलं त्याचं नाव पुढे येईल. यापूर्वी थॅडीने आणि मी मिळून केलेलं मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात सगळं एकमेकांना द्यायचं ठरलं होतं, आणि त्याने आपला शब्द पाळला.

अंमलबजावणीसाठी मी वकील मिस लॅव्हिन यांना नेमते. त्यांनी कच्चा मसुदा वाचला आणि म्हणाल्या, "बाई, यातलं निम्मं कायद्याला लागत नाही."

मी म्हटलं, "मग ते निम्मं कायद्याने वाचू नये."

कलम पहिले. पब.

क्लूनार्डा गावातली माझी दुमजली इमारत, खाली पब, वर राहतं घर, तळघर, मागचं अंगण, त्यातल्या सामानासह आणि दारूविक्रीच्या परवान्यासह, मी ब्रोना टॅन्सी हिला देते. ब्रोना म्हणजे समोरच्या मॅलकी टॅन्सीची मुलगी.

हे ऐकून गावात कोणाच्या तरी हातातला ग्लास पडेल. कॉनबॉयचं घर टॅन्सीच्या हाती! म्हणून कारण लिहून ठेवते.

मी १९६६ साली लग्न होऊन इथे आले तेव्हा खाली अर्धं किराणा दुकान होतं आणि अर्धा पब. एकाच काउंटरवर चहा, खिळे, गमबूट आणि काळी स्टाउट बिअर. डेअरीवर दुधाचे कॅन रिकामे करून शेतकरी सकाळीच यायचे, आणि त्यांची गाढवं वाट बघून कंटाळली की गाडीसकट आपापली घरी जायची. बायकांनी पुढच्या खोलीत बसायचं नाही, ही सासूबाईंची शिस्त. त्यांच्यासाठी दाराआड एक कोंदट खोली होती आणि भिंतीत हातभर झरोका. त्यातून ग्लास आत सरकवायचा. सासूबाई गेल्यावर महिन्याच्या आत मी ते दार बिजागऱ्यांसकट काढलं.

थॅडी म्हणाला, "आईला काय वाटेल?"

मी म्हटलं, "जरा मोकळी हवा आली असं वाटेल."

रस्त्यापलीकडे मॅलकी आणि ऊना या टॅन्सी नवराबायकोचा पब. रस्ता एवढा अरुंद, की आमच्याकडची शिंक तिकडे ऐकू जायची. वैर नव्हतं. त्यांचं पिंप संपलं तर आमच्याकडून जायचं, आम्हाला ग्लास कमी पडले तर तिकडून यायचे. फेब्रुवारी १९६९ मध्ये माझे सासरे बार्टली कॉनबॉय वारले. आमच्याकडे प्रेतयात्रा निघाली की वाटेवरचं प्रत्येक दुकान दार लावतं, पडदे ओढतं. त्या दिवशी सगळी दारं लागली, टॅन्सींचं सोडून. ते सताड उघडं होतं, आणि शहरातून आलेला लॉरीवाला शीळ घालत पिंपं आत लोळवत होता. शवपेटी त्याच्या पुढून गेली. पेटीचा एक कोपरा थॅडीच्या खांद्यावर होता. तो थांबला नाही, पण मागून चालताना त्याची मान लालबुंद झालेली मला दिसली.

त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. गाव वाटलं गेलं. हे कॉनबॉयकडे पिणारे, ते टॅन्सीकडे पिणारे. लग्नात वर एकीकडचा आणि वधू दुसरीकडची असली तर वऱ्हाडाला दोन्हीकडे प्यावं लागे, आणि मग त्यांची अवस्था बघवत नसे. थॅडी म्हणायचा, "त्याने येऊन सांगावं." समोर मॅलकी म्हणत असणार, "त्याने येऊन विचारावं." माझा नवरा माणूस म्हणून सोन्यासारखा होता. गिऱ्हाइकाच्या घरी आजारपण असलं तर हा त्याच्या गाईची धार काढून यायचा. पण या एका बाबतीत त्याच्यापुढे बोलायची सोय नव्हती.

मग डेअरी बंद पडली. तरुण पोरं लंडन-बॉस्टनला गेली, इतकी गेली की रविवारच्या गेलिक फुटबॉलला लागणारे पंधरा जण जमेनात. पोलीस रस्त्यात गाड्या अडवून दारू तपासायच्या यंत्रात फुंकर मारायला लावू लागले, तेव्हा लांबच्या शेतांवरचे म्हातारे यायचे थांबले. दोन्ही पबचे मालक आपापल्या खिडकीतून समोरची गिऱ्हाइकं मोजायचे, आणि मोजायला फार काही नसे. २००२ साली थॅडी गेला. त्याची पेटी निघाली तेव्हा मॅलकी आपल्या बंद दारापुढे टोपी काढून उभा होता, पावसात. मी मान हलवली. त्याने हलवली. तेवढंच.

पुढचं काम सरकारने केलं. पबमध्ये सिगारेट ओढायला बंदी आली. त्यामुळे दोन्हीकडचे ओढणारे रस्त्यावर आले, समोरासमोर, आणि गप्प राहणं हे त्यांच्या रक्तात नाही.

आमच्याकडचं जुनं गिऱ्हाईक जार्लथ, तो पहिल्यांदा ओरडला, "काय रे, तुमचा मालक अजून स्टाउटमध्ये पाणी घालतो का?"

पलीकडून उत्तर आलं, "घालतो! पण निदान ग्लास धुतलेला असतो!"

आठवड्याभरात ते रस्त्याच्या मधोमध उभे राहून ओढू लागले. मी थोटकांसाठी बादली घेऊन बाहेर आले, त्याच वेळी मॅलकी झाडू घेऊन आला.

"मिसेस कॉनबॉय," तो म्हणाला, "थोटकं फार झाली."

"निम्मी तुमची आहेत," मी म्हटलं.

पस्तीस वर्षांनंतरचं हे आमचं पहिलं संभाषण. यापेक्षा बरं काही सुचायला हवं होतं.

२००९ च्या नोव्हेंबरात मॅलकीचा पब चालेनासा झाला. त्याने परवाना शहरातल्या एका सुपरमार्केटला विकला आणि दाराला कुलूप लावलं. कुलूप लावून तो सरळ रस्ता ओलांडून माझ्याकडे आला. दुपारची वेळ, पबमध्ये शेगडीत जळणाऱ्या टर्फच्या, म्हणजे दलदलीतल्या वाळल्या मातीच्या, ढेकळांशिवाय कोणी नाही. तो उंबऱ्यावर थबकला.

"कुठे बसू?"

"इतकी वर्षं खिडकीतून जागा बघून ठेवली असशील," मी म्हटलं. "तिथेच बस."

तो शेगडीजवळ बसला. त्या दुपारी त्याने मला जे सांगितलं ते मी शेवटच्या कलमात लिहिलं आहे, कारण ते त्या जागेचं आहे.

ब्रोना तेव्हा इंग्लंडात लीड्सला एका हॉटेलात स्वयंपाकी होती. पाच वर्षांनी बापासाठी परत आली, आणि एके दिवशी माझं स्वयंपाकघर बघून म्हणाली, "काकू, या चुलीवर तुम्ही सँडविच सोडून काही केलंय का कधी?"

"सँडविचही चुलीवर करत नाही," मी म्हटलं.

त्या रविवारी तिने मटणाचा स्ट्यू केला. पुढच्या रविवारी लोक खुर्च्या घरून घेऊन आले. मुलींच्या फुटबॉल संघाला तिने आमची मागची खोली कपडे बदलायला दिली. आता सामना संपला की वीस चिखलानं माखलेल्या पोरी काउंटरपुढे उभ्या असतात, जिथे माझ्या सासूबाईंनी एक बाई उभी राहू दिली नव्हती. महामारीत सरकारने सगळे पब बंद केले तेव्हा मला वाटलं, संपलं. ब्रोना गाडीत डबे भरून त्या लांबच्या शेतांवर जायची आणि म्हाताऱ्यांच्या फाटकावर ठेवून यायची. दार पुन्हा उघडलं तेव्हा ते म्हातारे आले. मुलांना गाडी चालवायला लावून आले.

म्हणून घर तिचं. पाटीवर कोणाचं नाव लावायचं ते तिने ठरवावं. कुठलीही अट मी घालत नाही. ब्रोना, जमेल तोवर चालव. नाहीच जमलं तर मनाला लावून न घेता कुलूप लाव. तू पब बुडवलास असं म्हणणाऱ्याला माझं नाव सांग आणि त्याने शेवटचा ग्लास कधी विकत घेतला ते विचार.

कलम दुसरे. फर्गल.

थॅडीचा भाचा फर्गल, शहरात घर-जमिनींची दलाली करतो, त्याला मी माझी पोस्टातली बचत निम्मी देते, आणि पबच्या भिंतीवरचं घड्याळ देते. ते कायम दहा मिनिटं पुढे असतं, गिऱ्हाइकांनी वेळेवर उठावं म्हणून. फर्गल प्रत्येक ख्रिसमसला जेवण थंड झाल्यावर पोचतो. त्याने ते आपल्या स्वयंपाकघरात लावावं. पोरगा वाईट नाही. फक्त कुठलीही भिंत दिसली की तिची लांबी मनात मोजतो.

कलम तिसरे. उरलेली बचत आणि किरकोळ वस्तू.

बचतीचा दुसरा निम्मा भाग मैदानावर मुलींसाठी गरम पाण्याची न्हाणी बांधायला द्यावा. ब्रोनाची मागची खोली आता चिखलाने भरली.

पत्त्यांचं टेबल जार्लथ आणि त्याच्या तीन जोडीदारांना. कोणी लबाडी केली हे मला बत्तीस वर्षं माहीत आहे आणि मी ते माझ्याबरोबर नेते आहे. चौघांनीही थोडं घाबरून राहावं.

ज्या पाद्रीबाबांनी १९७१ साली बायका पुढच्या खोलीत बसतात म्हणून चर्चमध्ये भर प्रवचनात माझ्यावर तोंडसुख घेतलं, ते केव्हाच देवाघरी गेले. त्यांना मी काही ठेवत नाही. त्यांच्याशी समक्षच बोलेन.

कलम चौथे. गढीचं शेत.

गावाच्या वरच्या अंगाला, जुन्या मातीच्या गढीचं वर्तुळ असलेलं आमचं शेत या मृत्युपत्रात कोणाला दिलेलं नाही. फर्गल ते शोधेल, म्हणून सांगते.

गेल्या वर्षी तो नकाशा घेऊन आला होता. "मामी, तिथे दगडांशिवाय काही उगवत नाही. कंपनी स्प्रूसच्या झाडांची लागवड करायला घेते आहे. तू फक्त सही कर."

"आणि गढी?"

"गढीला कायद्याने हात लावता येत नाही. भोवतीने लावतील. दहा वर्षांत ती दिसणारसुद्धा नाही."

मी सही केली नाही. का, ते मॅलकीच्या त्या दुपारमुळे. मी त्याला ग्लास भरून दिला होता आणि विचारलं होतं, "मॅलकी, बार्टलीच्या दिवशी दार उघडं का होतं?"

"हे विचारणारी तू पहिलीच," तो म्हणाला. "मी वर होतो. ऊनाला पहाटेपासून कळा येत होत्या. सुईण म्हणाली, हिचा हात धरून बस. खाली कोण आलं, कोण गेलं, मला काही कळलं नाही. चर्चची घंटा ऐकली. वाटलं, बार्टली निघाला, दार लावायला हवं. पण तिने हात सोडला नाही. दुपारी मुलगा झाला. रडला नाही."

बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळाला तेव्हा चर्चच्या आवारात जागा नसे. बापाने पेटी काखेत घेऊन दिवस मावळताना गढीत जायचं, पुरायचं, एक दगड ठेवायचा आणि घरी येऊन गप्प बसायचं. आमच्या गढीत असे कितीतरी दगड आहेत.

"सगळं गाव तुमच्याकडे जेवायला बसलं होतं," तो म्हणाला. "परवानगी कोणाची मागणार? भिंत चढून गेलो."

"थॅडीला सांगायचंस."

"काय सांगू? तू बाप पुरलास, मी मुलगा पुरला, झाली फिटंफाट? आणि ऊनाला त्याबद्दल कोणी चकार शब्द काढलेला सोसत नसे."

तेव्हा मला कळलं, की दर फेब्रुवारीत मॅलकी हरवलेली मेंढी शोधायला आमच्याच शेतात का शिरायचा. थॅडी त्याला रस्त्यावरून हाका मारून हुसकावायचा. पबमध्ये त्यावर विनोद चालायचा: टॅन्सीच्या मेंढीला फेब्रुवारीत कॉनबॉयचंच गवत गोड लागतं. थॅडीला खरं कळलं असतं तर त्याने स्वतः मॅलकीचा हात धरून त्याला वर नेलं असतं. हे मी लिहिते कारण त्याच्यासाठी हे दुसरं कोणी लिहिणार नाही.

मृत्युपत्रातून शेत द्यायचं तर माझ्या मरणाची वाट बघावी लागेल, आणि मॅलकी चौऱ्याऐंशीचा आहे. आमच्यात आधी कोण जाईल यावर पबमध्ये पैज लागलेली आहे. म्हणून या जूनमध्ये मिस लॅव्हिन यांच्याकरवी मी शेत बक्षीसपत्राने त्याच्या नावावर केलं. कागद त्याला दिला तेव्हा त्याने तो दोनदा वाचला आणि म्हणाला, "आता तू मला हुसकावू शकत नाहीस."

"आता तू मला हुसकावू शकतोस," मी म्हटलं. "वर नेतोस का?"

आम्ही फाटकातून गेलो. माझे गुडघे आणि त्याचा दम, दोघांना सांभाळत. त्याला दगड कुठला ते शोधावं लागलं नाही. मी शेजारी गवतात बसले. बसले ती उठताना पंचाईत झाली, ते असो.

मी विचारलं, "नाव ठेवलं होतं का रे?"

"कुठे लिहिलं गेलं नाही. तेव्हा अशा बाळांची नोंद चर्चही करत नसे आणि सरकारही करत नसे. ऊना मात्र नावानेच बोलायची त्याच्याबद्दल, आम्ही दोघंच असलो की." आणि त्याने मला ते नाव सांगितलं.

मिस लॅव्हिन म्हणतात, की माझ्यामागे हे मृत्युपत्र न्यायालयात जाईल, त्यावर शिक्का बसेल, दप्तरी त्याची नोंद राहील आणि ज्याला हवं त्याला ते कधीही मागून वाचता येईल. मॅलकीला विचारून, त्याच्या आणि ब्रोनाच्या संमतीने, मी इथे लिहिते:

फिन्टन टॅन्सी. मॅलकी आणि ऊना टॅन्सी यांचा थोरला मुलगा, ब्रोनाचा भाऊ. जन्म क्लूनार्डा, फेब्रुवारी १९६९.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे आणि मला मान्य आहे.

सही: अट्रॅक्टा कॉनबॉय

बाईंनी आमच्या दोघांच्या समोर, दिवसाउजेडी, चष्मा लावून सही केली. आम्ही त्यांच्या समोर आणि एकमेकांच्या समोर सह्या केल्या. या मृत्युपत्रात आम्हा दोघांना काहीही ठेवलेलं नाही.

साक्षीदार: इथ्ना गिलमार्टिन, टपालवाली, क्लूनार्डा
साक्षीदार: लोर्कन फीनी, जनावरांचे डॉक्टर, क्लूनार्डा

ठिकाण: कॉनबॉयचा पब, क्लूनार्डा, जिल्हा स्लायगो
दिनांक: २० सप्टेंबर २०२२