छातीवरची रेघ मी मारली

श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न

आज सकाळच्या टपालाने आले ते: पुण्याच्या दवाखान्यातून माझ्या छातीचे दोन एक्सरे, त्यांचे चाळीस रुपये आधीच भरलेले. सोबत डॉक्टरसाहेबांचे पत्र. पत्र तीनदा वाचले.

मी, सौ. रत्नम्मा कल्लप्पा म्हमाणे, वय ४६, मॅट्रिक पास, राहणार बाळीवेस, सोलापूर, कोणी सांगितले म्हणून नव्हे, आपल्या मनाने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. देह ठीक नाही. फुफ्फुसाला लागून कॅन्सरची गाठ आहे. डोके ठीक आहे. ते आधीच चालवायला हवे होते.

१) वडिलांनी माझ्या नावे करून दिलेली मागची खोली यजमानांनी हयातभर वापरावी, त्यानंतर ती मुलगी जगदेवीची. शिलाई मशीनही तिचेच. गळ्यातले इष्टलिंग माझ्याबरोबर मातीत जाईल, त्याची वाटणी नाही.

२) तांब्याचे घंगाळ पुण्याच्या जाऊबाई मायाक्का यांना. उपचारासाठी मी त्यांच्याकडे उतरले होते. दवाखान्यात छातीवर जांभळ्या शाईने चौकट आखली होती. कोबाल्टच्या किरणांचा शेक तेवढ्यातच पडायचा, म्हणून तिथे पाणी लावायचे नाही असा हुकूम. मी ओल्या फडक्याने अंग पुसून लिंगपूजा करी. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी मायाक्का म्हणाल्या, "पारोशानंच पूजा? मॅट्रिक झालेल्यांचा देव येगळा असतोय वाटतं!" मी उठले आणि डोक्यावरून अंघोळ केली. रेघा गेल्या. पाणी माझ्या हाताने ओतले, त्यांच्या नाही. तरी घंगाळ त्यांनीच घ्यावे.

३) हे कलम नीट वाचावे. त्याच दुपारी शेक होता. बोलणी बसतील, खेप फुकट जाईल, म्हणून हिशेबाच्या वहीची पट्टी आणि शाई घेतली, आरशासमोर बसले आणि चौकट स्वतःच आखली. समास आखायची सवय. रेघ सुबक आली. मशिनीवर रुद्रप्पा हिरेमठ होते. ते म्हणाले, "आक्का, रेघ आज लई ठळक दिसती की?"

मी म्हटले, "घामानं शाई पसरली आसंल."

पूजा करून आलेल्या तोंडाने हे बोलले. पुढचे नऊ शेक माझ्या चौकटीत पडले.

डॉक्टरसाहेब लिहितात, चौकट दोन बोटे सरकली होती. गाठीची एक कड तशीच आहे आणि शेजारचे चांगले फुफ्फुस भाजले आहे. रेघांची जबाबदारी मशिनीवरच्या माणसाची, म्हणून रुद्रप्पांना कामावरून दूर केले. विचारल्यावर ते एवढेच म्हणाले म्हणे, "माझीच चूक झाली असेल." मी एक्सरे खिडकीशी धरला आणि तिथेच खाली बसले. दोन बोटे! यजमान पाणी घेऊन आले, "काय झालं गं?" म्हणून विचारत राहिले. मी त्यांच्याकडे कागद मागितला.

पहिल्या दिवशी गळ्यातले सगळे काढायला सांगितले तेव्हा मी रडले होते. लिंग देहावेगळे करायचे नसते. याच माणसाने लिंगाची चांदीची डबी माझ्या दंडाला बांधून दिली. "अंगावरच हाय की आक्का, घाबरू नका." त्यांच्या पोटावर मी पाय दिला.

म्हणून लिहून देते: रेघ मी मारली, रुद्रप्पांचा दोष नाही. त्या सोमवारचे वहीचे पान जोडले आहे. त्यावर माझ्याच अक्षरात आहे: "रेघा पुन्हा आखल्या. खर्च काही नाही."

ठिकाण: सोलापूर. दिनांक २४ सप्टेंबर १९७५.
सही: सौ. रत्नम्मा कल्लप्पा म्हमाणे

साक्षीदार, आमच्या समक्ष सही झाली:
गुरुसिद्धप्पा बिराजदार, होटगी
केराबाई शेटे, शेजारीण (अंगठा)

ता. क. डॉक्टरसाहेब, ही नक्कल आपल्याला रजिस्टरने पाठवते. अजून अकरा शेक घ्यावे लागतील असे आपण लिहिता. मी येईन. छातीला पाण्याचा थेंब लावणार नाही, देव समजून घेईल. फक्त रेघ रुद्रप्पांच्या हातची हवी. त्यांना कामावर परत घेतले की नाही, तेवढे उलट टपाली कळवावे.