कानाला लावायची सळई

मिस्तरी, तुम्ही दिलेली लोखंडी सळई अजून माझ्यापाशी आहे. एक टोक बेअरिंगवर टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला, म्हणजे मशीनचं आतलं दुखणं बाहेर दिसायच्या आधी ऐकू येतं. जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, तुमच्या हाताखाली मशीनला तेल द्यायला लागलो तेव्हा मला एवढंच येत होतं, ऐकणं. आज कापसाचं तसलंच एक जिन माझं स्वतःचं आहे. लोक म्हणतात, गड्याचं डोकं चाललं. खरं तर कान चालले.

तो दिवस अजून समोर आहे. फाटकाबाहेर मोताळ्याकडच्या कापसाच्या गाड्या रांगेनं उभ्या, मॅनेजर तासातासाला इंजिनघराच्या दारात येऊन नुसता उभा राहतोय, आणि तुम्ही भाकर उभ्यानंच चावताय. मोठ्या शाफ्टचा आवाज बदललेला मला ऐकू आला. तुम्ही बॉयलरकडे गेला होता, म्हणून मीच चाक फिरवून वाफ तोडली. तुम्ही धावत आलात.

"काऊन बे, इंजिन बंद कराले तुले कोणं सांगतलं?"

"बेअरिंग तापून राह्यलं, मिस्तरी. मले ऐकू आलं."

"तुले ऐकू आलं! तिकडं मालकाले गाड्या ऐकू येऊन राह्यल्या, त्याचं काय?"

आणि जिनावर कापूस लावणाऱ्या सगळ्या बायांसमोर कानाखाली दिली. बेअरिंगवर हात ठेववत नव्हता. तुम्ही ते पाहिलं. संध्याकाळी ही सळई माझ्या हातात ठेवली, माझं चुकलं असं मात्र म्हणाला नाहीत. एक बाई जाता जाता म्हणाली, "मिस्तरी, माणसाईलेही कधी तेल देत जा!" तुम्ही म्हणालात, "माणूस आपसूक सुरू होते, माय. मशीन होत नाही."

मला ते तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं. त्याच हंगामाच्या शेवटी तुमचा श्वास बदलला. दोन पायऱ्या चढून थांबायचात, छातीत बारीक शिट्टी वाजायची. ती ऐकायला सळई लागली नाही. पण इंजिन बंद केलं तर पुन्हा थप्पड, आणि ते दुसऱ्याच्या हाती तुम्ही देणार नाही, म्हणून मी मुकाट तेल देत राहिलो. तुम्ही कोळशाच्या ढिगाला टेकून बसलात ते उठला नाहीत. मॅनेजर दारातून विचारत होता, "इंजिन चालू हाये ना?" चालूच होतं. तुमची शिकवण मी नीट पाळली होती.

माझ्या जिनात दुपारी इंजिन बंद असतं, आणि इंजिनावर दोन माणसं, पाळीनं. नागपूरहून बॉयलर तपासायला येणारा साहेब माझी पाठ थोपटून गेला, मलाही माझं कौतुक वाटायचं. या आठवड्यात आभाळ भरून आलं, गाड्यांची रांग सडकेपर्यंत गेली, आणि दुपारची सुट्टी मीच बंद केली. दुसरा माणूस तापानं घरी, म्हणून माझा मिस्तरी इंजिनावर एकटाच. आज मी त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो, त्या मॅनेजरासारखाच. तो हसून म्हणाला, "मालक, काऊन उभे राह्यले? चालू हाये सगळं." त्याच्या छातीत तीच शिट्टी. ऐकली, आणि कचेरीत येऊन बसलो, तुम्हाला शिव्या घालायला.

हा कागद कुठं जायचा नाही. मी आता उठतो, चाक फिरवतो. पण मिस्तरी, इथपर्यंत लिहायला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ इंजिन चालूच होतं.