धुळाप्पाची घोंगडी

भवानी पेठ, सोलापूर
ता. ९ फेब्रुवारी १९२८

हरिबा भाऊस मायाक्काचा रामराम.

तुमी मुंबईत बरं असाल. हितं आमी समदी ठीक हाय. दर दिवाळीला तुमचं कार्ड येतं, आणि दर दिवाळीला मी ते देवाच्या फळीवर ठेवून गप बसते. ही बया उत्तर का देत न्हाय, असं तुमाला वाटलं असंल. आता देते. अक्षर माझंच हाय बरं का. गिरणीतल्या आमा बायकांना प्रेमलाबाई मास्तरीण शिकवतात. चुका निघाल्या तर त्यांच्या.

माझ्या शिवबाईचं लगीन ठरलंय, बैशाखात. पोरगा आमच्या वळसंगचाच. नाक जरा बसकं हाय, पण मनानं चांगला. धुळाप्पा आगबोटीवर गेला तवा शिवबाई वर्साची हुती. मामा म्हणून तिला खांद्यावर घेऊन तो मेंढरामागं हिंडायचा. तिला काय आठवत न्हाय. मी सांगते तेवढं ऐकती, आणि मी सांगाय लागले की थांबत न्हाय.

थांबू तरी कशाला? असा भाऊ कुणाला मिळतो? एकदा कोकरू हिरीत पडलं. ह्यानं दोराची वाट बघितली न्हाय, धाडदिशी उडी! वर आबा काठी घेऊन उभं, आणि ह्यो पाण्यातनं हसत म्हणतो, "आबा, आधी कोकरू घ्या, मग मारा." आमच्या घराण्यात कुणी समिंदर बघितला न्हवता, आणि ह्यो बावीस वर्साचा पोरगा लढाईच्या दिवसांत बोटीवर कोळसा ओढाय गेला! लोक म्हणायचे, येडा हाय. कुणाकडनं तरी पत्र लिवून धाडायचा की, अक्का, चारी बाजूला पाणी आणि घोटभर पिता येत न्हाय, आपली मेंढरं हसतील की गं. भ्या वाटतं, असं एका पत्रात न्हाय.

लढाई संपल्यावर, १९१९ साली, तुमी आमच्या घरी आलासा. तुमा दोघांच्या जहाजाला पाणबुडीनं मारलं, धुळाप्पा गेला, एवढं सांगितलंसा. आयनं ऊर बडवला. मी चुलीकडं तोंड करून बसले, एक शब्द विचारला न्हाय. तुमी चहा न घेताच उठलासा. अक्का लई कडक हाय, असं वाटलं असंल.

कडक न्हवते भाऊ. मी भ्याले हुते.

आमच्यात नवरानवरीला बसाय घोंगडी लागती, आणि तिची लोकर नवरीच्या आईनं कातायची असती. तुमी येऊन गेल्यापासनं मी लोकरीला हात लावलेला न्हाय. कातणं सोडून गिरणीत लागले ते त्यापायीच. सोयरे विचारतात, घोंगडी कुटं? मी म्हणते, विकत आणा. शिवबाई कोपऱ्यात बसून रडती.

आता कारण सांगते. आयला कदी सांगितलं न्हाय, आणि ती गेली चार वर्सांमागं. धुळाप्पा निघाला तवा मी त्याला घोंगडी दिली. लोकर मी कातली, आबांनी विणली, चिंचोक्याची खळ मी लावली, काठाच्या दशा मी वळल्या. माळावर कसला बी पाऊस येऊ दे, घोंगडी डोक्यावर घेतली की माणूस आत कोरडा. मला वाटलं, पाणी ते पाणीच की. त्याचा हात घोंगडीवर ठेवून मी बिरोबाची आण घातली, परत येईपतूर हिला अंगावेगळी करू नको. तो हसला, पण आण घेतली.

तुमी सांगत हुतासा तवाच माझ्या डोक्यात आलं. तवा दरसाल मी ओढ्यावर घोंगडी धुवायचे. भिजली की दोघींना उचलत न्हाय. हिरीतनं कोकरू काढणारा पोरगा पवून वर आला असता की ओ! माझ्या घोंगडीनं त्याला तळाला नेला.

ती त्याच्या अंगावर हुती का, एवढंच सांगा. माझी दया येऊन खोटं लिवू नका. असली तर लेकीला विकतच्या घोंगडीवर बसवीन आणि पुन्यांदा विचारणार न्हाय.

धुळाप्पाची बहीण,
मायाक्का


मुंबई
ता. १७ फेब्रुवारी १९२८

मायाक्कास हरिबाचा दंडवत.

न्हवती. अक्का, बायलरपाशी माणूस लंगोटीवर काम करतो. तितं घोंगडी कोण पांघरंल? एवढं विचाराय तुमी नऊ वर्सं लावलीसा!

ती माझ्या अंगावर हुती.

मला हिवताप भरला हुता. आठ दिवस धुळाप्पा आपली पाळी करून माझी बी करायचा, आणि जाताना घोंगडी माझ्यावर टाकून जायचा. मी म्हणलं, तुझी आण? म्हणला, "बिरोबा समजून घेतो. अक्काला तेवढं कळू देऊ नको, टाळकं फोडंल."

पाणबुडीनं मारलं तवा तो खाली हुता. पळत वर आला, मला घोंगडीसकट उचलला आणि होडीत घातला. आमचा सारंग, म्हंजे खलाशांचा मुकादम, वरडला, तू बी बस. ह्यो म्हणला, "खाली दोघं हायती." एकाला त्यानं वर ढकलला, तो आमच्यात आला. दुसऱ्यासाठी पुन्हा खाली गेला तो गेलाच. दोन दिवस आमी होडीत हुतो. वारा असा की हाडं वाजत. त्या एका घोंगडीखाली पाच जण बसलो, आणि पाची जगलो. तसला माणूस मी पुन्हा बघितला न्हाय.

तुमच्या घरी आलो तवा घोंगडी माझ्या गाठोड्यात हुती. काढाय हात झाला न्हाय. घोंगडी आली, माझा लेक कुटं, असं म्हातारीनं विचारलं असतं तर मी काय सांगणार हुतो? म्हणून चहा न घेता पळालो. आजपतूर ती माझ्यापाशीच हाय. चुकी तुमची न्हाय, माझी हाय. पार्सलनं धाडू का?

हरिबा


भवानी पेठ, सोलापूर
ता. २४ फेब्रुवारी १९२८

हरिबा,

आता तुला अरे-तुरे करणार, राग धरू नको.

तुझं पत्र गिरणीच्या दारात वाचलं. "आण मोडलीस रं धुळाप्पा, लई बरं केलंस!" म्हणून मोठ्यानं रडले, आणि रडता रडता हसू आलं. प्रेमलाबाई पाणी घेऊन धावल्या. टाळकं मात्र मी फोडलंच असतं, ते त्याला बरोबर ठावं हुतं.

काल चरखा माळ्यावरनं खाली काढला. हात विसरलेला न्हाय. आता कातते ती लोकर तुझ्या नव्या घोंगडीची, कारण जुनी मी ठेवून घेणार.

पार्सल करू नको. ती काय पोस्टात घालायची वस्तू हाय व्हय? लगीन बैशाखात, तिथी मागनं कळवते. घोंगडी तू स्वतः घेऊन ये. दशा सुटल्या असतील तर असू देत, मी वळीन. शिवबाईला तिच्यावरच बसवणार हाय. आणि अंतरपाट धरला की नवरीच्या पाठीमागं तिचा मामा उभा ऱ्हातो. ती जागा मोकळी हाय. तितं तू उभा ऱ्हा.

ह्या बारीला चहा घेतल्याबिगर सोडणार न्हाय.

तुझी अक्का,
मायाक्का