एकाहत्तरावी दुरुस्ती

किनकेर्न, साउथलंड
९ जून २०२५

प्रिय लॉकी,

तुझं पार्सल पोचलं. आई बरी आहे, गुडघा सोडला तर. इथे जून म्हणजे ऐन हिवाळा, सकाळी नळ गोठतो. गायी आटल्यात, त्यामुळे दुधाचा टँकर ऑगस्टपर्यंत यार्डात उभा आणि मी घरात. तिकडे कॅटॅनिंगला मेंढ्या कातरायचं काम कसं चाललंय, तुझी पाठ कशी आहे, तुझ्या पोरीचा, टेसचा अभ्यास कसा चाललाय, ते कळव. झालं, क्षेमकुशल संपलं.

आता मला सांग, हे पाठवायची बुद्धी तुला कुठून झाली?

सत्तावीस वर्षं आपण एकमेकांना नाताळची कार्डं पाठवतोय. बाबा गेले तेव्हा दोन दिवस आलास, चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसलास आणि परत गेलास. आणि आता अचानक हे चकचकीत खोकं. ‘लोखंडी समुद्र’, आपला लहानपणीचा कॉम्प्युटर गेम, नव्या रूपात! वर तुझी चिठ्ठी: ‘एल्सी, खेळू या का पुन्हा?’

खेळले. तीन दिवस खेळले. आता मत ऐक, मागितलं नसलंस तरी.

सत्यानाश केलाय. आपली बेटं म्हणजे चार तपकिरी चौकोन होते. त्या चौकोनांत सील झोपलेत असं तू म्हणायचास आणि मला ते दिसायचे. आता प्रत्येक झाडाचं पान हलतं, किनाऱ्यावर खेकडे फिरतात, आणि मला तिथे काही म्हणजे काही दिसत नाही. बाणाचं तर बोलूच नकोस. कुठे जायचं ते दाखवणारा हिरवा बाण! मी चव्वेचाळीस वर्षांची बाई, पहाटे निसरड्या रस्त्यांवरून अठ्ठावीस हजार लिटर दूध घेऊन जाते, आणि मला बाण दाखवतात. शिवाय ‘मागे घ्या’ नावाचं एक बटण दिलंय. दाबलं की बुडालेलं जहाज वर. मग बुडायचं तरी कशाला?

आणि इंटरनेटवर पंचेचाळिशीचे बाप्ये गळे काढतायत, ‘काय ते दिवस होते!’ कसले दिवस? अर्ध्या वेळा फ्लॉपी वाचली जायची नाही. गेम सुरू करताना माहितीपुस्तकाच्या चौदाव्या पानावरचा तिसरा शब्द टाइप करावा लागायचा, आणि चौदावं पान आईने वाणसामानाच्या यादीसाठी फाडलेलं. तो शब्द ‘नांगर’ होता, हे आपण दोन दिवस अंदाज बांधून शोधलं. गेम मुळात भिकारच होता. मजा यायची ती आपण दोघं होतो म्हणून. हे मी लिहिणार नव्हते.

नव्या गेममध्ये प्रत्येकाने आपापल्या घरी, आपापल्या पडद्यासमोर बसायचं. आपल्या वेळी कॉम्प्युटर एक. एकाने पाळी खेळायची, तेवढा वेळ दुसऱ्याने लाकडांच्या पेटीवर भिंतीकडे तोंड करून बसायचं, जहाजं कुठे दडवली ते कळू नये म्हणून. टेबलावर थाप पडली की उठायचं. तेही या लोकांनी काढून टाकलं.

खोक्यात तळाशी एक पुस्तिका निघाली. जुन्या गेममधल्या एकशे तेरा चुका आणि त्यांच्या दुरुस्त्या. मी पेन्सिल घेऊन बसले आणि एकेकीपुढे शेरा मारत गेले. बाराव्या दुरुस्तीपुढे ‘गरज नव्हती’. चाळिसावीपुढे ‘मूर्ख’. सत्तरपर्यंत पोचले, पुढची वाचली, आणि चहा करायला उठले. मग परत बसले नाही.

ती पुस्तिका तू वाचलीस का? एवढंच कळव. सगळी वाचलीस का?

रागातच,
एल्स्पेथ


किनकेर्न
१४ जुलै २०२५

लॉकी,

तुझं पत्र मिळालं. ‘कसली पुस्तिका? टेसला दुकानात खोकं दिसलं, मी नाव ओळखलं, वाटलं तुला पाठवावं. उघडलंसुद्धा नाही.’

म्हणजे तुला माहीत नाही. म्हणजे हे मलाच लिहावं लागणार. तू मुद्दाम पाठवलं असतंस, माझ्या तोंडावर फेकलं असतंस, तर किती सोपं झालं असतं! पण नाही. तू आपला साधेपणाने विचारतोस, खेळू या का म्हणून.

दुरुस्ती क्रमांक एकाहत्तर. जशीच्या तशी उतरवते. ‘सेव्ह केलेला खेळ पुन्हा उघडल्यावर, दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला त्याच्या पहिल्या पाळीत शत्रूची दडवलेली सर्व जहाजे दिसत असत. ही चूक दुरुस्त केली आहे.’

माझा विश्वास बसला नाही. आपला जुना कॉम्प्युटर धुण्याच्या खोलीतून ओढून आणला. तिसऱ्या खेपेला सुरू झाला, जळक्या धुळीचा वास सोडत. दोन्ही बाजूंनी मीच खेळले. दोन्हीकडची सात-सात जहाजं बेटांमागे दडवली, सेव्ह केलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. पहिल्या खेळाडूला काही दिसलं नाही. दुसऱ्याची पाळी आली आणि शत्रूची सातही जहाजं समोर उभी. पाच वेळा करून पाहिलं. पाचही वेळा.

आई रोज जेवायच्या वेळी कॉम्प्युटर बंद करायला लावायची, म्हणून आपण रोज सेव्ह करायचो आणि दुसऱ्या दिवशी उघडायचो. आणि पहिली पाळी रोज माझी, कारण मी मोठी. एका दिवशी, फक्त एका दिवशी, ‘जा, आज तू आधी खेळ’ म्हणाले असते तर मलाही दिसलं असतं. मी नाही म्हटलं. हट्टी, हावरट कार्टी होते मी.

तेव्हा तू खिडकीच्या काचेत कॉम्प्युटरचं प्रतिबिंब बघतोस असं वाटून मी खिडकीचा पडदा ओढला. तरी तुझी जहाजं सरळ माझ्या जहाजांवर. मग तुझ्या डोक्यावर टॉवेल टाकला, आणि तू तो मुकाट्याने टाकू दिलास. तरी तेच. शेवटी एका रविवारी मी ओरडले, “डोकावतोस तू! चोरटा कुठला!”

आणि तू म्हणालास, “अगं, पण दिसतात ना ती! तुला माझी दिसत नाहीत?”

आम्ही हसलो, लॉकी. बाबा म्हणाले, “ऐका! वर तोंड करून सांगतोय.” तू खरं सांगत होतास. तुला वाटत होतं गेमच तसा आहे, मलाही तुझी दिसतात, आणि मी उगाच कांगावा करतेय.

आता पुढचं. हे तुला कुणीच सांगितलेलं नाही.

त्याच आठवड्यात तुझा शालान्त परीक्षेचा गणिताचा पेपर होता. तू शेजारच्याच्या पेपरात पाहिलंस असं पर्यवेक्षकाला वाटलं. उपमुख्याध्यापक गिलक्रिस्ट सरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. म्हणाले, “एल्स्पेथ, तू समजूतदार मुलगी आहेस. भाऊ म्हणून पांघरूण घालू नकोस. तो असं करील का?”

मी म्हणाले, “करतो, सर. घरीही करतो.”

तुझा पेपर रद्द झाला. नाताळनंतर तू कातरणीवाल्यांच्या टोळीबरोबर गेलास, तो समुद्रापलीकडे. त्या पर्यवेक्षकाने तुला संपवलं असं तू समजत राहिलास आणि मी समजू दिलं. मला वाटायचं, मी खरं तेच बोलले, मग सांगायचं काय? पण खरं बोललेला माणूस सत्तावीस वर्षं गप्प बसतो का? मला ते आत कुठेतरी टोचत होतंच.

गेल्या मंगळवारी गिलक्रिस्टना शोधून काढलं. वृद्धाश्रमात आहेत, नव्वदीला टेकलेत, पण डोकं शाबूत आहे. चीज रोल खात होते. मी बसलेही नाही. म्हटलं, “एका पोराच्या आयुष्याचा निकाल तुम्ही सतरा वर्षांच्या मुलीला विचारून लावलात? लाज नाही वाटली?”

त्यांनी रोल बशीत ठेवला. “आमच्याकडे दुसरं काही नव्हतंच गं. पर्यवेक्षकच म्हणत होता, खात्री नाही, सोडून देऊ. तू इतकं ठामपणे सांगितलंस, म्हणून.”

मी चांगली तासभर भांडायची तयारी करून गेले होते. तिथून निघाले आणि बाहेर गाडीत बसून राहिले.

रविवारी आईला सगळं सांगितलं. ती टेबलावरचा पावाचा चुरा बोटाने गोळा करू लागली. मग म्हणाली, “त्या वर्षी मी त्याला वाढदिवसाचा केक केला नाही. शिक्षा म्हणून.” आणि थोड्या वेळाने, “पण एल्सी, पेपरात पाहिल्याचं त्याने माझ्याजवळ कबूल केलं होतं गं. मी म्हटलं होतं, कबूल कर म्हणजे मिटलं. तो हो म्हणाला.”

का हो म्हणालास, गाढवा? न केलेलं का कबूल केलंस? आईच्या डोळ्याला पाणी आलं म्हणून? आम्ही तिघंही एका बाजूला होतो म्हणून? पंधरा वर्षांचा होतास! आरडाओरडा करायचास, बशा फोडायच्यास, माझ्या झिंज्या ओढायच्यास. मला तुझा भयंकर राग येतोय, आणि मला कळतंय की हा राग तुझा नाही.

टेसने गेल्या नाताळच्या कार्डात काय लिहिलं होतं, सांगू? ‘बाबा म्हणतात, मी शाळेत कॉपी केली आणि त्याची फळं भोगली, तू तसं करू नकोस.’ मी ते वाचून फ्रिजवर लावलं होतं! म्हणजे आम्हा तिघांचं बोलणं तुला इतकं पटलं की तू ते स्वतःच्या पोरीला शिकवलंस. ते आजच्या आज थांबव. सोबत सही केलेला कागद आहे. मी काय बोलले, कुणापुढे, कोणत्या वर्षी, सगळं त्यात आहे. खाली गिलक्रिस्टची सही आहे, ती मी पुन्हा जाऊन, उभं राहून घेतली. टेसपुढे ठेव. तिच्याकडून मोठ्याने वाचून घे आणि तू समोर बसून ऐक.

आई फोन लाव म्हणून मागे लागलीय. मी अडवलंय. आधी हे पत्र तुझ्या हातात पडू दे.

आणि ‘जाऊ दे एल्सी, जुनी गोष्ट’ असं लिहू नकोस. लिहिलंस तर पत्र परत पाठवीन. शिव्या घाल. पानंच्या पानं घाल. एकदा तरी माझ्यावर ओरड, लॉकी, मी मधे एक अक्षर बोलणार नाही.

जिचा शब्द सगळ्यांनी खरा मानला, ती तुझी बहीण,
एल्स्पेथ