देवळामागची खोली

१० जानेवारी १९९४

दिवाळे गावातला साक्षरता वर्ग आजपासून माझ्याकडे. देवळामागची खोली, दुपारी तीनची वेळ. नऊ कोळणी आल्या — मासळी विकून थेट. टोपल्या दाराशी ठेवल्या.

प्रशिक्षण शिबिरात सांगितलं होतं: आधी घरोघर जा, कोणाला कशासाठी शिकायचंय ते विचारा, मग धडे आखा. मी गेले नाही. धडे घरी बसून आखले. ओव्यांपासून सुरुवात.

गोजरा म्हणून एक आहे, चाळिशीची. म्हणाली, "ओव्या आमाला येतान, बाय. बसवरचा नाव वाचाला शिकव. वाशीला निघते नि भलतीकरंच जाते. म्हावरा नासतं."

शेजारची जयमाला म्हणाली, "परवा उरनला गेली. कोलनींना म्हावरा इकाला!"

सगळ्या हसल्या. मी म्हटलं, क्रमाने येईल तेही.

खोलीला खिडकी एकच. वास फार.

१३ जानेवारी

वर्गाआधी उदबत्ती लावली. सरस्वतीची तसबीरही नेली — उदबत्तीला निमित्त हवं म्हणून. जरा बरं वाटलं.

१८ जानेवारी

सगळ्या अर्धा तास उशिरा. केस ओले. मी बोलले — वेळेची किंमत नसेल तर शिकून काय उपयोग? गोजरा उदबत्तीकडे पाहत होती.

२१ जानेवारी

दोघीच.

२४ जानेवारी

कोणी नाही. अहवालात लिहिलं: अनास्था, वर्ग बंद करावा.

२५ जानेवारी

आमच्या पर्यवेक्षिका अरुणाताईंनी अहवाल परत दिला. एवढंच विचारलं, "घरी गेली होतीस त्यांच्या?"

२७ जानेवारी

गेले. गोजरा अंगणात जाळ्यातून बोंबील सोडवत होती. तिने घरात नेऊन बसवलं. का येत नाही, विचारलं.

"तशीच यावा त तुला वास येतं. आंघोल करून यावा त उशीर. मंग कवा यावा?"

रागाने बोलली नाही. राग सोपा गेला असता.

म्हटलं, उद्यापासून बसच्या पाट्या शिकू. तुम्ही जशा याल तशा, जेव्हा याल तेव्हा.

"बघू," म्हणाली.

शिकलेली मी. साहित्य घेऊन एम. ए. ओल्या केसांचा अर्थ लागला नाही.

२८ जानेवारी

फळ्यावर 'वाशी' लिहून अंधार पडेपर्यंत बसले. कोणी आलं नाही.

काल एक लिहायचं टाळलं. मला घरात बसवण्याआधी गोजराने हात धुतले, देव्हाऱ्यातून उदबत्ती काढली, पेटवून माझ्या शेजारी खोचली.

मग म्हणाली, "आता बस, बाय."