पूजेत मांडलेलं किट

माय, सकाळपासून माझं कशातच मन लागत नाही, आणि भांडायला तूच हवी आहेस. गोंदियाच्या ज्या लॅबमध्ये मी रक्त तपासते, तिथे दसऱ्याला आम्ही मशीनची पूजा करतो. हे वेड तूच लावलंस. दसऱ्याला भातगिरणीतून आलीस की सूप, विळा, कुदळ सारं धुऊन देवापुढे मांडायचीस. एकदा मी त्यातला विळा उचलला, तर केवढी खेकसलीस! "हात काऊन लावून राहिली? आज त्यायले आराम करू दे." अजूनही त्या दिवशी मी घरात सुरी धरत नाही.

यंदा मशीनला हार घातला आणि तिच्यासमोर नवं किटही मीच मांडलं. शरीरात वाढीचं एक प्रथिन असतं, ते किती आहे हे त्या किटनं कळतं. ज्यांचं मोजायचं होतं त्यांत तुझी नात आहे, माय. चौथीत गेली, पण दिसते पहिलीतल्या पोरीएवढी. म्हणून वाटलं, किटलाही हळदकुंकू लागू दे. फ्रिजमध्ये राहायची वस्तू ती! आरती, प्रसाद, गप्पा, यात दुपारपर्यंत ते उन्हाच्या खिडकीशी पडून राहिलं. आमचा शिपाई हसला, "मॅडम, भगवान तो भाव के भूखे हैं, ये किट तो ठंडी का भूखा है." मीही हसली. म्हटलं, एवढ्यानं काय होते?

दुसऱ्या दिवशी तपासणी लावली. पोरीचा आकडा आला, तिच्या वयाला शोभेल असा. मी खुर्चीतच बसली, डोळे भरून आले. मग आमच्या जुन्या रक्ताचा आकडा पाहिला. ते आम्ही दर वेळी सोबत लावतो, कारण त्याचं माप आधीच ठाऊक असतं. ते दुप्पट आलं होतं. म्हणजे उन्हात किट बिघडलं होतं आणि सगळ्यांचेच आकडे फुगले होते. पोरीचाही.

सर म्हणाले, "सगळं रद्द करा, नवं किट मागवा." मी केलं. पण खरं सांगते, त्या जुन्या रक्ताचा असा राग आला! काय बिघडलं असतं त्याचं, गप्प बसलं असतं तर?

नवं किट नागपूरहून आलंय. उद्या लावायचं. आज भात करपला, दूध उतू गेलं, एका जागी बसवत नाही. नवरा म्हणतो, "कायले जिवाले घोर लावून राहिली? कमी निघालं तर इलाज आहे ना." बरोबर आहे त्याचं. त्याला सगळं माहीत नाही.

हा कागद तुझ्यापर्यंत पोचायचा नाही, म्हणून तुलाच सांगते. सगळं रद्द करून घरी गेली, तर पोरगी दारातच उभी. "आई, माझं किती आलं?" मी म्हटलं, "चांगलं आलं." ती तशीच पळत गेली आणि शिंप्याला सांगून आली, दिवाळीचा फ्रॉक लांब शिवा, मी वाढणार आहे.